फिरायला एकच लेन्स न्यायचीय? मग झूम अशी निवडा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर भन्नाट वाऱ्यात मी एकदा लेन्स बदलली, आणि त्यानंतर ट्रिपच्या प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी काळा ठिपका, सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, बसलेली धूळ साफ करून घेतली तेव्हा कुठे गेला. तेव्हापासून फिरायला एकच झूम.

दुकानात जायच्या आधी जुने फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेन्थ (मिलिमीटरमधला आकडा, लहान म्हणजे वाइड, मोठा म्हणजे लांबचं जवळ) असते, आवडलेले फोटो कुठल्या आकड्यावर काढलेत ते बघा. माझे निम्मे १८ वरच निघाले.

आता वाइड टोक, म्हणजे लहान आकडा, आधी ठरवा, लांबचं नंतर. लोक नेमकं उलटं करतात, ३०० आकडा बघून भुलतात. पण अहो, झूम थोडा कमी पडला तर फोटो नंतर कापून क्रॉप करता येतो, वाइड कमी पडलं तर मागे सरकावं लागतं आणि वेरूळच्या कैलास लेण्यात मागे सरकून सरकून जाणार कुठे, पाठ कातळाला टेकते. कॅमेऱ्यात क्रॉप सेन्सर (फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) असेल तर लेन्सवरच्या आकड्याला १.५ ने गुणा, कॅननला १.६ ने. म्हणजे १८ ची फ्रेम साधारण फुल फ्रेमवरच्या २७ सारखी दिसते. क्रॉपवर १८-१३५ किंवा १८-१४०, फुल फ्रेमवर २४-१०५ किंवा २४-१२०, एवढ्यात फिरणाऱ्या माणसाचं बहुतेक काम होतं. भिगवणचे फ्लेमिंगो मात्र यात ठिपकेच दिसणार, पक्ष्यांसाठी ४०० च्या पुढची वेगळी लेन्स लागते.

मग उजेडाचा हिशोब. एफचा आकडा जितका मोठा, तितका लेन्समधून आत येणारा उजेड कमी. १८-३०० सारख्या लेन्स लांबच्या टोकाला एफ ६.३ वर येतात, तिथे एफ ३.५ च्या मानाने एक तृतीयांशच उजेड आत येतो. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि आत अंधार. चित्र जागचं हलत नाही म्हणून हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन तारून नेतं, पण दिंडीत नाचणारा वारकरी संध्याकाळी हललेलाच येतो, तिथे जलद शटर स्पीडच लागतो. बजेट बसत असेल तर पूर्ण झूमभर एफ ४ राहणारी घ्या, जरा महाग पडते पण घ्याच.

दुकानात स्वतःचा कॅमेरा न्या. लेन्स लावून तोंड खाली करा, नळी आपोआप घसरत असेल तर गळ्यात लटकवून गड चढताना वैताग येतो. कासच्या फुलांसाठी किती जवळून फोकस होतो ते तिथेच करून बघा. माउंटला, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे, पाणी अडवणारी रबराची रिंग आहे का बघा, पण बॉडीसुद्धा तशीच सील्ड असेल तरच पावसात थोडाफार उपयोग.

सेकंडहँड घेताय? मग मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास लागते, कितीही स्वस्त मिळाली तरी ती लेन्स घेऊ नका. आणि नवी आणली की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जून ते सप्टेंबर तर नक्कीच.