तालमीतल्या मुलांचे चट्टे: ओळखावेत कसे आणि घालवावेत कसे

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या तालमींत कुस्तीत नेसायची लांग वाळत नाही, एकाचा टॉवेल दुसरा वापरतो, लढतीत अंगाला अंग घासते आणि आठवडाभरात निम्मी मुले खाजवू लागतात. वस्ताद म्हणून ही खाज मी इतकी वर्षे पाहिली आहे की ‘मातीत ताक, लिंबू, हळद असते, लोळले की चट्टे जातात’ हे वाक्य आता मला ऐकवत नाही. त्याच मातीत लोळून चट्टे आलेली मुले मीच दवाखान्यात नेली आहेत.

आधी चट्टा उजेडात नीट पाहावा. पित्ताच्या गांधी जागा बदलतात आणि प्रत्येक गांधी साधारण २४ तासांत मावळते. मात्र ओठ वा जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर आमसूल चोळत न बसता तडक दवाखाना गाठावा. खरजेची खाज रात्री वाढते आणि पुरळ बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती दिसते. तिचे औषध एका खोलीत राहणाऱ्या सर्वांनी एकाच दिवशी लावायचे असते. अंगाच्या एकाच बाजूला ठणकणाऱ्या, पाणीदार फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण. तिची दोन तोंडे मिळण्याच्या गप्पा सोडून शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या गोळ्या सुरू कराव्यात. ताप आणि पुरळ एकत्र आले, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

राहिले गजकर्ण, ज्याला नायटाही म्हणतात. ही बुरशी आहे. तिचा काठ लाल, किंचित उंच आणि खवलेदार असतो, तर मधली कातडी निवळलेली दिसते. शंका असल्यास डॉक्टर काठावरचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

खरा घोळ इथून पुढे होतो आणि तो मी स्वतः घातला आहे. जांघेत चट्टा आला तेव्हा लाज वाटून मी डॉक्टरांकडे गेलो नाही, दुकानातून मलमाची एक नळी आणली. तिसऱ्या दिवशी खाज आणि लाली दोन्ही गेली, म्हणून मी ती बंद केली. पंधरवड्यात चट्टा मांडीपर्यंत उतरला, मी पुन्हा तीच नळी लावली आणि असे चार महिने चालले. नळीवर बुरशीच्या औषधाशेजारी बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिले होते. हे तीव्र स्टेरॉइड आहे: ते शरीराचा प्रतिकार दाबते, त्यामुळे लाली जाते, पण बुरशी आत मोकाट पसरते आणि काठ पुसट झाल्याने पुढे डॉक्टरांनाही गजकर्ण ओळखणे जड जाते. माझ्या जांघेत कातडी पातळ होऊन पडलेल्या पांढऱ्या रेघा आजही आहेत. म्हणून नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसले, तर गजकर्णावर ती लावू नये. शेजाऱ्याला ‘दोन दिवसांत गुण आला’ असेल, तर मुळीच नाही.

बुरशीचे साधे मलम मिळाले की आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करावे आणि ते काठाबाहेर सुमारे २ सेंटीमीटर निरोगी दिसणाऱ्या कातडीपासून आत लावत यावे, कारण बुरशी डोळ्यांना दिसणाऱ्या काठाच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे ते लावत राहावे. मुले नेमकी इथेच कंटाळतात. चट्टे मोठे किंवा पुष्कळ असतील तर डॉक्टरांच्या गोळ्या लागतात. २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळालेली बुरशी आपल्याकडे आढळते आणि तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचे नेहमीचे औषध पुष्कळदा चालत नाही, त्यामुळे गुण आला नाही तर मनाने मात्रा न वाढवता पुन्हा दाखवावे.

लांग आणि चड्डी गरम पाण्यात धुवून, कडक वाळवून, इस्त्री फिरवून घ्यावी. चट्टा उघडा असेपर्यंत लढत बंद, जोर-बैठका चालतील. आमच्याकडे प्रत्येकाच्या खुंटीला वेगळ्या रंगाचा दोरा आहे, आणि दुसऱ्याच्या दोऱ्याखालचा टॉवेल घेणाऱ्याकडून मी कुस्तीच्या हौदाची माती एकट्याने खणून घेतो.