रावेची फाइल मोबाईलवर आली तेव्हा

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात ‘रावे’ असते, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. पोरं कृषिदूत होतात, पोरी कृषिकन्या, आणि ऐन खरिपात गावात जाऊन राहतात. यंदा तुम्ही पहिल्यांदाच त्यांचं मूल्यमापन करणार असाल, तर माझ्या चुका आधी ऐकून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या टेबलावर २२ जाडजूड फायली आल्या. रंगीत कव्हर, स्पायरल बायंडिंग. तिसऱ्या फायलीतली निंबोळी अर्काची कृती सातव्या फायलीत शब्दशः भेटली. एका फायलीत यजमान शेतकऱ्याचं नाव मागच्या बॅचच्या गावातलं होतं. बहाद्दराने सिनिअरची फाइल उतरवताना तेवढं बदलायचं राहून गेलं. गुण मात्र मी सगळ्यांनाच बरे दिले, कारण कमी कशासाठी द्यायचे हे मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षी ई-पोर्टफोलिओ सुरू केला. विद्यार्थी कामाचे पुरावे, म्हणजे फोटो, नोंदी, आवाज, व्हिडिओ, एका ठिकाणी साठवतो, त्यातले निवडतो, आणि निवडलेल्यावर स्वतः विचार मांडतो. निवड आणि विचार गाळले, तर हाती ड्राइव्हवरचा ढीग उरतो. माझ्या हाती पहिल्या महिन्यात तोच आला. बीजप्रक्रियेच्या एका प्रात्यक्षिकाचे ६० फोटो, सगळे जिओटॅग केलेले! नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, कागदपत्रांमुळे आपल्याकडे अक्षांश-रेखांशाचं वेड शिरलंय. पोरगा तिथे उभा होता एवढंच त्यातून कळतं.

साधनांचं थोडक्यात सांगतो. महारा नावाची ई-पोर्टफोलिओची ओपन सोर्स प्रणाली २००६ पासून आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीला जोडता येते. पण तिला सर्व्हर लागतो, आणि सर्व्हर सांभाळणारा माणूसही. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. गूगल साइट्स मोबाईलवरून धड संपादित होत नाही, आणि गावात पोरांकडे मोबाईलच असतो. म्हणून गावात असताना ड्राइव्हचं फोल्डर आणि साधं डॉक्युमेंट, आणि शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या लॅबमध्ये बसून साइट, असं ठरवलं. फुकटातली १५ जीबी जागा जीमेल आणि फोटोंसह मिळून असते, त्यामुळे व्हिडिओ दोन मिनिटांच्या आतच. खातं पोराचं स्वतःचं हवं. कॉलेजने दिलेलं खातं पदवीनंतर बंद झालं, तर पोराचं सगळं काम त्या खात्यासोबतच जाईल.

आता खरी गोष्ट. मी प्रत्येक नोंदीखाली ‘यातून काय शिकलो’ हे इंग्रजीत लिहायला सांगितलं होतं, कारण आपला अभ्यासक्रम इंग्रजीत. आलं काय? सगळ्यांचं एकसारखं गुळगुळीत, कुठूनतरी आयतं उचललेलं. एक पोरगा शेवटी म्हणाला, “सर, मले समजलं तं हाये, पण लिवता येत नाही.” मी म्हटलं, बोलून पाठव. त्याने माती परीक्षणावर दीड मिनिटाचा आवाज पाठवला.

माती नमुन्याचे नियम तुम्हाला पाठ असतील: व्ही आकाराचा २० सेंमी खोल खड्डा, बांधाजवळची आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळायची, मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवायची. याच्या नमुन्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीच्या सुपीकतेची खूण, भलताच जास्त आला होता. तो बोलत होता: “कर्ब पाहून मी खुश झालो. काकानं सांगतलं तव्हा समजलं, उन्हाळ्यात तिथंच खताचा ढीग होता. म्हणजे मी वावराची नाही, ढिगाची माती तपासली.” पुढे त्याने दुसऱ्यांदा नमुना कुठून कुठून घेतला तेही सांगितलं.

मी त्याला दहापैकी नऊ दिले. सहकाऱ्याने चार दिले. त्याचं म्हणणं, नमुनाच चुकला, मग गुण कसले? आमची चांगलीच जुंपली. त्या भांडणातून मूल्यमापनाचा तक्ता तयार झाला, जो आम्ही आधीच करायला हवा होता. चार पायऱ्या: नुसता पुरावा, कृती बरोबर, ती तशीच का करायची याचं कारण, आणि सर्वांत वर, निकाल शेताशी ताडून पाहणं व पुढच्या वेळी काय बदलेल ते सांगणं. हा तक्ता गावात जाण्याआधी पोरांच्या हातात द्या. आणि सुरुवातीचे पाच पोर्टफोलिओ दोघांनी स्वतंत्र तपासून गुण जुळवा. आमचे पहिल्या फेरीत जुळले नव्हते.

दहा नोंदींतल्या तीनच निवडायच्या, का निवडल्या ते सांगायचं, आणि त्यातली एक फसलेल्या कामाची हवी, हा नियमही तेव्हाचाच. भाषा कोणतीही, वऱ्हाडीसुद्धा. आयता मजकूर एकदम बंद झाला असं नाही, पण “कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तरी काका फवारायले तयार नव्हते” असलं वाक्य कुठून उचलून आणणार? (कामगंध सापळा गंधाने पतंग ओढतो, आणि इतके पतंग म्हणजे फवारणीचा इशारा.) टेम्प्लेटच्या सजावटीला गुण नाहीत. भारी फोन असलेल्यांना ते रुचत नाही. न रुचो.

फवारणीच्या प्रात्यक्षिकाला मी वेगळी, सक्तीची नोंद ठेवतो. २०१७ साली याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मास्क, हातमोजे घातलेला फोटो पुरत नाही. दुपारच्या उन्हात मजुराने ते किती वेळ अंगावर ठेवले आणि का काढले, ते हवं.

एक गफलत मात्र टाळा. एका मुलीने सगळ्यांना दिसणाऱ्या लिंकवर यजमानाचा सातबारा आणि आधारकार्ड टाकलं होतं. दोन आठवडे माझ्याही लक्षात आलं नाही. आता फोल्डर फक्त मार्गदर्शकापुरतं उघडं, आणि फोटोआधी शेतकऱ्याची परवानगी.

तिची चूक निस्तरायला मी त्या काकांकडे गेलो. आधारचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. मोबाईल हातात घेऊन सगळं पाहिलं आणि म्हणाले, “माह्या वावरातली माती, माही पऱ्हाटी, अन् मलेच काहून नाही दाखवलं?” तेव्हापासून शेवटच्या आठवड्यातली नोंद ठरलेली: पोर्टफोलिओ यजमानाला दाखवायचा, आणि त्यावर ते जे बोलतील ते त्यांना विचारून, जसंच्या तसं रेकॉर्ड करायचं.