विरघळणारे फ्रॅक प्लग वापरताय? या चुका टाळा

फ्रॅक प्लग म्हणजे तेल-वायूच्या विहिरीत फ्रॅकिंग (दाबानं पाणी सोडून खडक फोडणं) करताना विहिरीचा एकेक भाग तात्पुरता बंद करणारं बूच. काम झालं की ते आपोआप विरघळावं, ही अपेक्षा. पण मॅग्नेशियमचा प्लग साखरेसारखा विरघळत नाही, तो गंजतो. ज्याला हे उमगलेलं नाही त्याच्या हाती प्लग देऊच नये, असं माझं मत आहे. या मिश्रधातूत निकेल किंवा तांबं मुद्दाम थोडंसं घातलेलं असतं. त्यामुळे धातूच्या पोटातच बारीक बारीक विद्युतघट तयार होतात आणि मॅग्नेशियम झिजत जातं. त्याला पाणी हवं, क्लोराइड हवं, उष्णता हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॅटलॉगमधले विरघळण्याचे तास जसेच्या तसे विहिरीला लावणं. आम्हीही ती केली. कागदावरचा आकडा ३ टक्के पोटॅशियम क्लोराइड आणि ९३ अंश सेल्सिअसचा होता. आमच्या विहिरीत मात्र जवळजवळ गोडं पाणी, तेही फ्रॅकिंगच्या थंड पाण्यानं गार पडलेलं. तिसऱ्या दिवशी प्रवाह अडला आणि कॉइल ट्यूबिंग (गुंडाळीवरची लांब पोलादी नळी) उतरवून मिलिंग करावं, म्हणजे प्लग कातून काढावा लागला. वर आलेला एक तुकडा मी तळहातावर घेतला. त्यावर चुन्यासारखा पांढरा थर होता. नखानं खरवडला तर खाली लख्ख धातू! तो थर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा. पाणी हललं नाही की पीएच १०च्या वर चढतो, थर धरून बसतो आणि गंज मंदावतो.

तेव्हापासून मी त्याच विहिरीचं पाणी, त्याच बॅचचा तुकडा आणि तळाचं तापमान घेऊनच चाचणी करतो. धातूच्या मानानं पाणी किती, हेही विहिरीसारखंच ठेवतो. बादलीभर पाण्यात नखाएवढा तुकडा टाकला तर निकाल छानच येणार.

चाचणीची बरणी घट्ट बंद करू नका. १ किलो मॅग्नेशियममधून ९०० लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो.

प्लगचं पाकीट आदल्या दिवशी फोडू नका. गंज सुरू व्हायला घामातलं मीठही पुरतं. प्लगवरच्या संरक्षक लेपावर पाना आपटू नका. ओरखड्यापासूनच खड्डा पडायला सुरुवात होते.

धातू गेला तरी प्लगच्या सीलचं रबर उरतं. त्याची चाचणी वेगळी करा.

आणि दोन दिवसांत धीर सुटून ‘अॅसिड सोडू या’ म्हणणारे नवखे! अॅसिड मॅग्नेशियम झपाट्यानं खातं, खरं आहे. पण वाट तुंबलेली असेल तर ते प्लगपर्यंत पोचणार कसं? ते वरच थांबतं आणि इनहिबिटर (गंजरोधक रसायन) कमी पडला तर केसिंगलाच, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तर-नळीलाच खातं. त्याआधी विहीर बंद ठेवून तळ पुन्हा तापू द्या. मी तरी आधी तेच करतो.