मोसंबीच्या पानांचे परीक्षण करताना या चुका टाळा

जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत बाग पिवळी दिसू लागली की हाताला येतील ती पाने तोडून प्रयोगशाळेत पाठवली जातात आणि अहवालात कमी दिसेल ते खत टाकले जाते. पानाचे वय आणि ऋतू न पाहता नमुना घेतला असेल, तर अचूक तपासणीनंतरही सल्ला चुकतो.

पान जून होत जाते तसे त्यातील नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) यांचे प्रमाण घटते, कारण झाड ही अन्नद्रव्ये नव्या पालवीकडे आणि फळांकडे वळवते. कॅल्शियम मात्र एकदा पानात पोचले की तेथून फारसे हलत नाही आणि महिन्यागणिक साचत जाते. त्यामुळे कोवळी नवती पाठवली तर नत्र भरपूर दिसते, गेल्या वर्षीची पाने पाठवली तर सुदृढ झाडही उपाशी ठरते. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलोरा घेतलेल्या, बागेत जानेवारी-फेब्रुवारीत फुटलेल्या पालवीची 4 ते 6 महिने वयाची पाने, साधारण जून-जुलैमध्ये, फळ नसलेल्या फांद्यांवरून घ्यावीत. फळाजवळच्या पानांतील पालाश फळ ओढून घेते.

पाने कागदी पिशवीत द्यावीत, प्लास्टिकमध्ये ती घामेजून सडतात. नुकतीच जस्ताची किंवा बोर्डो मिश्रणाची (मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणी झाली असल्यास जस्त व तांब्याचे आकडे फुगलेले येतात.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती ताणाच्या, म्हणजे फुले यावीत म्हणून बागेचे पाणी मुद्दाम तोडण्याच्या, काळातील चुकीची. पाणी तोडल्यावर जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात आणि गळण्यापूर्वी झाड त्यांतील बराचसा नत्र फांद्यांत परत घेते. हे स्वाभाविक असताना घाबरून युरिया आणि पाणी दिले, तर ताण मोडतो व फुलांऐवजी नुसती पालवी येते.

पावसाळ्यातील पिवळेपणा वेगळा असतो. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता समजावी. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पाणी साचले की लोह असूनही मुळांना मिळत नाही. तेथे जमिनीत टाकलेले हिराकसही (फेरस सल्फेट) लवकरच निरुपयोगी होते, म्हणून आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा, वापसा आल्यावर, म्हणजे जमिनीत पाणी न साचता पुरेसा ओलावा व हवा राहिल्यावर, नवी पाने पाहावीत आणि ती तरीही पिवळीच राहिली तर चिलेटेड लोहाचा (जमिनीत अडकून न पडता मुळांना मिळणाऱ्या लोहाचा) विचार करावा.