बाबांच्या सीपॅपचं प्रेशर असं जमवलं

आमचं गाव दारव्ह्याकडचं. बाबांना स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास घडीघडी थांबते तो आजार) निघाला अन् डॉक्टरांनी ऑटो सीपॅप दिली, म्हणजे मास्कमधून हवेचं प्रेशर देणारी अन् ते गरजेप्रमाणे स्वतःच कमीजास्त करणारी मशीन, प्रेशरची सेटिंग ४ ते २०. झोपायच्या टायमाले ४ वर बाबांना हवाच कमी पडे, "जीव गुदमरते रे" म्हणून मास्क काढून ठेवत, अन् रात्री प्रेशर चढलं की तोंडातून हवा सुटे, सकाळी पोट फुगलेलं. मग मशीनचं मेमरी कार्ड घेऊन यवतमाळले गेलो, डॉक्टरांनी रीडिंग पाहून कमीत कमी ७ अन् जास्तीत जास्त १२ केलं, रॅम्पची (झोप लागेपर्यंत प्रेशर हळूहळू चढवणारी सेटिंग) सुरुवात ६ पासून (हे आकडे बाबांचे, तुमचे तुमच्या डॉक्टरलेच ठरवू द्या). श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवणारी सेटिंग असते ना, ती २ वर केली अन् खरा आराम त्यानंच पडला, मले वाटते डॉक्टरले पहिले तेच विचारावं. एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबते किंवा कमी होते तो आकडा) आता ५ च्या खाली राहते.

मास्कचा पट्टा आडवं होऊन, मशीन चालू ठेवूनच घट्ट करा, बसून बसवलेला मास्क झोपल्यावर सरकते अन् हवा डोळ्यात जाते.

लाईन गेली अन् मशीन इन्व्हर्टरवर असली तर ह्युमिडिफायरचा (हवेत ओलावा देणारा मशीनचा भाग) हीटर बंद करा, बॅटरी तोच जास्त खाते.