दौऱ्यावर विनोद पडला? कापण्याआधी या चुका तपासा

मी स्टँड-अप करतो. लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर माझा एक बिट, म्हणजे एका विषयावरचा विनोदी तुकडा होता. पुण्यात तो पंधरा-वीस वेळा केला, एकदाही पडला नाही. मग पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी केला आणि सभागृह गप्प. पुढच्या दोन गावांतही तेच झालं. हा विनोद शहरी आहे, गावाकडे चालणार नाही, असं मी ठरवून टाकलं आणि तो सेटमधून, म्हणजे प्रयोगाच्या ठरलेल्या साहित्यातून काढला. महिन्याभरानं एसटीत बसल्या बसल्या त्या तीन प्रयोगांची मोबाइलवरची रेकॉर्डिंग ऐकली. मामा, पाकीट, वही घेऊन बसलेला चुलता, सगळं नीट ऐकू येत होतं. शेवटचं वाक्य होतं, "आणि ते पाकीट रिकामं निघालं." रेकॉर्डिंगमध्ये "आणि ते पाकीट" एवढंच होतं आणि पुढे स्टेजशेजारच्या उभ्या पंख्याची घरघर. तिन्ही ठिकाणी पंखा होता आणि तिन्ही ठिकाणी तेच दोन शब्द गेले होते. विनोद लोकांपर्यंत पोचलाच नव्हता.

तेव्हापासून मी दौऱ्यावर निघालेल्या प्रत्येक नव्या मुला-मुलीला हेच सांगतो. आपल्या शहरातल्या कॅफेत किंवा ओपन माईकला (जिथे कुणीही नाव देऊन नवं साहित्य करून बघतं) विनोद पडला तर विनोद तपासा. दौऱ्यावर पडला तर आधी बाकी सगळं तपासा. गाडी, झोप, माईक, खुर्च्या, पंखा यांच्या चुकांचा आळ विनोदावर येतो आणि चांगलं लिखाण हकनाक मरतं.

रेकॉर्डिंग न ऐकता सेट बदलणं

प्रत्येक प्रयोग रेकॉर्ड करा, पण मोबाइल स्टेजवर ठेवू नका. तिथे तुमचा आवाज छानच येतो. तो मधल्या किंवा मागच्या रांगेत कुणाकडे तरी द्या. तिथे बसलेल्या माणसाला काय ऐकू आलं, हे आपल्याला हवं असतं.

आपल्या मराठीची एक अडचण समजून घ्या. वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं आणि तिथे आवाज आपोआप खाली जातो. "निघालं", "म्हणाला", "बसली होती" असं करत आपण वाक्य संपवतो. नेमका पंचचा, म्हणजे ज्यावर हशा येतो तो शब्द त्या उतारावर असतो. छोट्या खोलीत खपून जातं, साताऱ्याच्या शाहू कला मंदिरासारख्या नाट्यगृहात खपत नाही. मी पाकिटाचं वाक्य तोडलं. "पाकीट उघडलं." थांबलो. "रिकामं." तोच बिट परत गावोगाव चालायला लागला. पंचचा शब्द सगळ्यात शेवटी आणा, त्याच्यामागे क्रियापदाचं शेपूट ठेवू नका, आणि तो शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसाला उद्देशून म्हणा.

"हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" एवढ्यावर भागवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महाग पडते. आपण उशिरा पोचतो, साउंडवाल्या दादांना विचारतो, "दादा, आवाज कसाय?" ते म्हणतात, "एकदम क्लिअर, सर." आणि आपण रंगपटात जाऊन बसतो.

क्लिअर कुठे आहे? मिक्सरपाशी. तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि ओपनरला (आपल्या आधी स्टेजवर जाणाऱ्या कलाकाराला) सेटमधली दोन-तीन वाक्यं तुमच्या नेहमीच्या वेगात बोलायला लावा. "हॅलो" प्रत्येक माईकवर चांगलं वाटतं. "तात्यांच्या चपला" म्हणून बघा, म्हणजे च आणि प कसे येतात ते कळेल. रिकामं सभागृह घुमतं आणि लोक भरले की घुमणं कमी होतं. त्यामुळे चेकच्या वेळी आवाज थोडा घुमला तर घाबरू नका. पण शब्द चिकटत असतील तर बेस कमी करायला सांगा.

नाटकासाठी टांगलेल्या किंवा समोर ठेवलेल्या माईकवर स्टँड-अप होत नाही. नट आवाज फेकून बोलतो, आपण गप्पा मारल्यासारखं बोलतो. हातातला डायनॅमिक माईकच मागा. शुअर एसएम५८ बहुतेक साउंडवाल्यांकडे असतो आणि आपल्या कामाला तो पुरतो. तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा. त्याहून जवळ आणलात तर आवाज जाड आणि बसका होतो, छातीपाशी नेलात तर साउंडवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. जाळीवर मूठ आवळून धरलीत तरी शिट्टी येते, कारण मग तो माईक चारी बाजूंचा आवाज ओढायला लागतो. स्पीकरच्या पुढे चालत गेलात तर येणारच. वायरलेस असेल तर नव्या बॅटऱ्या स्वतःच्या पिशवीत ठेवा. आणि वायरचा एक माईक विंगेत तयार ठेवायला सांगा.

साउंडवाल्यांशी भांडू नका. ते सकाळपासून तिथे आहेत, आधीच्या नाटकाचं आवरून थकलेले आहेत. चहा सांगा, नाव विचारा, सेटमध्ये कुठे ओरडता आणि कुठे कुजबुजता ते आधी सांगून ठेवा.

नाट्यगृह ठरलं आणि निघाले मंगल कार्यालयात

कधी नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद असतं, कधी तारीख दुसऱ्याला जाते. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं तेव्हा तिथे होणाऱ्या प्रयोगांना दुसरीकडे जागा शोधावी लागली. जागा बदलली की आयोजक आपल्याला दोन दिवस आधी सांगतो, आणि आपण म्हणतो, "चालेल." चालत नाही, तयारी करावी लागते. मंगल कार्यालयात फरशी, पत्रा, उघड्या भिंती, वर फिरणारे पंखे. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. अशा ठिकाणी तुमचा तासाचा सेट सत्तर मिनिटांचा होईल हे धरून चाला, दहा मिनिटांचं साहित्य काढा आणि सावकाश बोला. स्टेजजवळचे पंखे आधी बंद करायला लावा. उकडलं तरी लोक ऐकतात, ऐकू आलं नाही की उठून जातात.

उघड्या मैदानात शो असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, बंदिस्त सभागृहाला ती अडचण नाही. साडेआठचा शो सत्कार आणि दीपप्रज्वलनात साडेनऊला सुरू होतो आणि तुमच्या वाट्याला अर्धा तास उरतो. सेटचा अर्ध्या तासाचा नमुना तयार असू द्या आणि त्यात शेवटचा मोठा बिट असलाच पाहिजे.

विखुरलेल्या खुर्च्या

नऊशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात दीडशे लोक आले तर रडू नका. दीडशे म्हणजे फार छान शो होऊ शकतो, फक्त ते एकत्र बसले पाहिजेत. हसू शेजाऱ्याकडून लागतं. दोन माणसांच्या मध्ये चार रिकाम्या खुर्च्या असल्या की प्रत्येक जण आपल्यापुरता हसतो आणि हशाचा आवाज होत नाही. आयोजकाला सांगून बाल्कनी बंद करा, मागच्या रांगांवर दोरी लावा. हे तिसऱ्या घंटेच्या आधी झालं पाहिजे. शो सुरू झाल्यावर माईकवरून "पुढे या" म्हणून लोक हलत नाहीत, फक्त ओशाळतात. प्रेक्षकांवरचे दिवे मंद करा. मराठी माणूस शेजारी सासरे बसलेले असताना उजेडात मोकळेपणानं हसत नाही.

गाव बदललं की सेटमधलं गावाचं नाव बदलणं

आधीच्या गावात "इथला ट्रॅफिक" म्हणालात आणि पुढच्या गावातही तेच म्हणालात, तर लोकांना लगेच कळतं. याहून वाईट म्हणजे बोलीची नक्कल. नागपुरात जाऊन "काहून बे" म्हणायचं, कोल्हापुरात दर दोन मिनिटांनी "नाद खुळा", मालवणात "रे झिला". तिथली माणसं ते शब्द रोज वापरतात, त्यांचा हेल त्यांना माहीत आहे. तुमचा हेल चुकला की पाहुणा आपली टिंगल करतोय असं वाटतं. तुमची बोली तुमची राहू द्या. ती बोलल्यानं कुणी रागावत नाही.

त्याऐवजी दुपारी गावात तासभर फिरा. रिक्षातून नको, पायी. चहाच्या टपरीवर उभे राहा, नाट्यगृहाच्या रखवालदाराशी बोला. काय कौतुकाचं आहे आणि कशाचा त्रास आहे हे दोन प्रश्न पुरतात. नाशिककराला सिंहस्थाबद्दल बोलायचं असतं, सोलापूरकराला पाण्याबद्दल. तिथून तुमच्या स्वतःच्या अनुभवाचा धागा जुळला तर दोन मिनिटं बोला, नाहीतर बोलू नका. बेळगावात मराठी माणसं जीव लावून ऐकतात, पण सीमाप्रश्न हा तिथे घराघरातला विषय आहे. त्याला वरवरचा हात लावू नका.

परदेशातल्या मराठी मंडळांचं वेगळं आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं आहे. तिथल्या सभागृहात चाळीस वर्षांपूर्वी गेलेले आजोबा आणि चार वर्षांपूर्वी गेलेला इंजिनिअर शेजारी बसतात. प्रत्येकाच्या मनातलं पुणे ज्या वर्षी सोडलं त्या वर्षीचं आहे. यूपीआयवरचा विनोद एकाला लागतो, रेशनच्या रांगेवरचा दुसऱ्याला. घर, आई, नातेवाईक यांवरचं साहित्य दोघांनाही लागतं, त्यापासून सुरुवात करा. आणि टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन शो करू नका. मंडळ कितीही आपुलकीचं असलं तरी विमानतळावर प्रश्न तुम्हाला विचारले जातात.

प्रवासाला प्रयोगाचा भाग न मानणं

मुंबईहून दुपारी निघून संध्याकाळी नाशिकला शो, हे कागदावर बसतं. कसाऱ्यात एक ट्रक बंद पडला की बसत नाही. पहिला नियम म्हणजे शो संध्याकाळी असेल तर दुपारच्या जेवणाला त्या गावात असा. कोल्हापूरला महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, रात्री बसा आणि सकाळी उतरा. विदर्भाच्या दौऱ्यात नागपूर, अमरावती, अकोला अशी एका रेषेतली गावं घ्या. नागपूर करून रत्नागिरी आणि मग परत यवतमाळ असं तारखा मिळतील तसं घेत गेलात तर मानधन गाडीभाड्यात जातं आणि उरलेली ताकद रस्त्यात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. मे महिन्यात पाहून ठेवलेली वेळ जुलैत धरू नका.

शो संपल्यावर रात्री स्वतः गाडी चालवत निघू नका. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. शोनंतर तास-दोन तास अंगात इतकी तरतरी असते की आपण पहाटेपर्यंत जागू असं वाटतं. ती एकदम उतरते, आणि नेमकी मध्यरात्रीनंतर, जेव्हा शरीर झोप मागत असतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आहे, सरळ, एकसारखा. तिथे डोळा लागायला काहीच लागत नाही. एकदा आम्ही चौघं परतत होतो. गाडी चालवणारा मित्र बोलत होता, मध्येच त्याचं वाक्य अर्धवट राहिलं. मागून एकीनं त्याचा खांदा धरून हलवलं म्हणून आज हे लिहितोय. त्या रात्री लॉजचे बाराशे रुपये वाचवले होते. आता करारातच एक रात्रीचा मुक्काम लिहून घेतो, आणि आयोजकाला परवडत नसेल तर ती तारीख घेत नाही.

झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी विनोद पडतात, हे रेकॉर्डिंगमध्ये चक्क ऐकू येतं. थांबे लहान होतात. हशा संपायच्या आत आपण पुढचं वाक्य सुरू करतो.

पोट आणि घसा

कोल्हापुरात तांबडा-पांढरा, नागपुरात सावजी, सगळं शोनंतर. आधी वरण-भात, केळं, दही-पोहे. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, स्टेजवर जायच्या आधी बाटली रिकामी करून उपयोग नाही. घसा बसला असेल तर वाफ घ्या आणि गप्प राहा. कुजबुजूही नका, त्यानं घशावर ताणच येतो.

आधी क्लिप टाकायची, मग तोच बिट तिकिटावर

भाडिपा हे मराठी विनोदी यूट्यूब चॅनल २०१६ साली सुरू झालं तेव्हा मराठी प्रेक्षक यूट्यूबवर आला, आणि आता तो रीलवर आहे. लोक तिकीट काढतात ते तुमची क्लिप पाहून, पण तीच क्लिप परत पाहायला नाही. दौऱ्यावरचा तासाचा सेट संपेपर्यंत त्यातला एकही मोठा बिट ऑनलाइन टाकू नका. प्रेक्षकांशी मारलेल्या गप्पांच्या क्लिप टाका, त्या पुन्हा घडत नाहीत. मात्र ज्या माणसाशी बोललात त्याची परवानगी घ्या. गाव लहान असतं, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.

पैशाचं बोलायला लाजणं

मानधन, प्रवास, मुक्काम, जेवण, रद्द झाल्यास किती, तिकीटविक्रीत वाटा असेल तर कोणत्या खर्चानंतर, हे सगळं व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी घ्या. निम्मी रक्कम आधी मागा. कंपनीच्या शोच्या मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरला जाणारा प्राप्तिकर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला की नाही हे प्राप्तिकराच्या पोर्टलवर बघत जा.

शोनंतरची रात्र

दौऱ्यावर नवीन मुलं इथे सगळ्यात जास्त खचतात आणि कुणी सांगत नाही. आठशे लोक हसवून तुम्ही लॉजवर येता. खोलीत ट्यूबलाइट, गार पडलेला डबा, शेजारच्या खोलीत टीव्ही. शो पडला असेल तर त्याच वेळी आपण सेटमधून पानंच्या पानं फाडतो. त्या रात्री सेटला हात लावू नका. कमेंट वाचू नका. घरी फोन करा, आणि शोबद्दल नाही, घरातल्या गोष्टी बोला. वहीत फक्त घडलं ते लिहा: किती लोक, कुठे बसले होते, पंखे चालू की बंद, माईक कोणता, किती वाजता सुरू झालं, आदल्या रात्री किती तास झोप. "विनोद वाईट" असं काही लिहू नका. सकाळी चहा घेऊन रेकॉर्डिंग लावा, वही शेजारी उघडी ठेवा, आणि जिथे लोक हसले नाहीत तिथे पहिल्यांदा एवढंच ऐका, की शेवटचा शब्द मागच्या रांगेत पोचला होता का.