मुलांना चिनी मापशब्द शिकवताना या चुका टाळा

धाकटीच्या चिनीच्या तयारीसाठी मी एका वहीत लिहून ठेवलं होतं: ‘ल्यांग ल्यांग छ – दोन गाड्या’. तिने ते वाचलं आणि विचारलं, “आई, एकच शब्द दोनदा का लिहिलास?”

चूक माझी होती. पहिला ल्यांग म्हणजे ‘दोन’. त्याचा सूर खाली जाऊन वर येतो. दुसरा ल्यांग हा गाड्या मोजताना लागणारा मापशब्द, त्याचा सूर वरून धाडकन खाली पडतो. ऐकायला दोन्ही अगदी वेगळे, पण देवनागरीत सूर लिहायची सोय नाही, त्यामुळे कागदावर दोघे जुळे भाऊ. आम्ही सिंगापूरला राहतो. इथे बालवाडीपासून चिनी कानावर पडतं आणि घरात आईबाबांना त्यातलं ओ की ठो येत नाही, अशी मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथे माझ्यासारखी वही हमखास असते. माझं ऐकाल तर ती आपल्यापुरती ठेवा. मुलांना ध्वनिफीत ऐकवा, हाताने हवेत सूर काढून दाखवा. (या लेखात मीही देवनागरीच वापरणार आहे, पण हा लेख तुमच्यासाठी आहे, मुलांसाठी नाही.)

यादी पाठ करून घेणं

चिनीत ‘तीन मांजरं’ असं थेट म्हणता येत नाही. ‘सान जर् माव’ म्हणायचं: तीन, मग मांजराचा मापशब्द, मग मांजर. पुस्तकाला ‘बन’, फुलाला आणि ढगाला ‘द्वो’, घोड्याला ‘फी’, मासा-साप-नदी-रस्ता-विजार यांना ‘थ्याव’. पालकांना हे कळलं की पहिला उद्योग तक्ता करण्याचा. डावीकडे मापशब्द, उजवीकडे वस्तू, रोज संध्याकाळी घोकंपट्टी. पोर तक्ता धडाधड म्हणून दाखवतं आणि ताटात मासा आला की गप्प बसतं.

आपण मराठी कसं शिकलो? कुणी ‘जुडी, गड्डा, फणी, घड’ अशी यादी दिली नव्हती. मेथीची जुडी, कोबीचा गड्डा, केळ्यांची फणी, द्राक्षांचा घड असं जोडीनेच कानावर आलं, तेही भाजीवाल्यासमोर पिशवी धरून उभं असताना. चिनी मापशब्दही असाच नामाला चिकटून यायला हवा. नवा शब्द सांगताना ‘यू म्हणजे मासा’ इतकंच सांगू नका, ‘यी थ्याव यू’ (एक मासा) असं अख्खं सांगा. नंतर शेपटी जोडायला गेलात की जोड सुटते.

एक गंमत मला स्वयंपाकघरातच सापडली. लसणाच्या अख्ख्या गड्ड्याला चिनीत ‘थोउ’ लागतो, म्हणजे डोकं. गायीलाही तोच. आणि सुट्या पाकळीला ‘बान’. या ‘बान’चा अर्थ फुलाची पाकळी! लसणाला पाकळी म्हणणारे आपण एकटे नाही, हे कळल्यावर धाकटीला तो शब्द पुन्हा सांगावा लागला नाही.

हात वापरा. ज्या वस्तूला मूठ घालता येते तिला बहुतेक वेळा ‘बा’: छत्री, सुरी, किल्ली, खुर्चीसुद्धा. मूठ आवळून म्हणायचं. ‘जांग’ला तळहात पसरायचा: कागद, पलंग, टेबल, तिकीट. मग सांगायचं की तोंडालाही ‘जांग’. मुलं आ वासून दाखवतात.

पण आकाराचा नियम फार ताणू नका. ‘लांब ते थ्याव’ असं सांगितलं की मूल पेन्सिलीलाही थ्याव लावतं. पेन्सिल ताठ, तिला ‘जर्’ (उच्चार मांजराच्या ‘जर्’सारखाच, अक्षर वेगळं). थ्याव बहुतेक करून वळणाऱ्या, लवणाऱ्या लांब वस्तूंचा. कुत्र्याला मात्र ‘जर्’ही चालतो आणि ‘थ्याव’ही. तिथे वाद घालत बसू नका.

‘ग’ ऐकला की टोकणं

‘ग’ हा सगळीकडे धकवता येणारा मापशब्द. मुलं आधी त्यालाच धरतात: यी ग यू, यी ग शू (एक पुस्तक), सगळं यी ग. आपण लगेच “नाही, चुकलं!” म्हणतो. माझ्या मते इथे घाई नको. मूल ‘ग’ म्हणतंय याचा अर्थ संख्या आणि नाम यांच्यामध्ये काहीतरी लागतं, हे त्याला कळलंय. ‘सान माव’ असं मधली जागा रिकामी सोडून बोललं, तर ती खरी काळजीची गोष्ट, आणि मराठी बोलणारी मुलं तेच करतात, कारण आपल्याकडे ‘तीन मांजरं’ सरळ चालतं. ‘हे पुस्तक’, ‘ते पुस्तक’ म्हणतानाही चिनीत मापशब्द मध्ये येतो. ते आपण पालकही विसरतो.

मूल ‘यी ग यू’ म्हणालं तर “ओहो, यी थ्याव यू! केवढा मोठा!” असं म्हणून पुढे जायचं. बरोबर रूप कानावर पडतं आणि मुलाचा हिरमोडही होत नाही.

उलटी चूकही होते. ‘ग’ टाळायचा असं इतकं ठसतं की मुलं दिवसालाही मापशब्द शोधत बसतात. ‘तीन दिवस’, ‘तीन वर्षं’ यांना तो लागतच नाही.

मोजताना ‘अर्’

एक, दोन, तीन अशा मोजणीत दोन म्हणजे ‘अर्’. मापशब्दाआधी मात्र ‘ल्यांग’. ‘अर् ग’ म्हणणारं मूल लगेच ओळखू येतं. उपाय सोपा: दोन-दोन वस्तू हातात देऊन मोजायला लावा, नुसते आकडे म्हणवून घेऊ नका.

रंगीत शब्दांवर ‘खूप’ ओतणं

पहिलीच्या सरावात वाक्यांशाचा एक सांगाडा हमखास असतो: एक, मापशब्द, वर्णन, ‘द’, नाम. ‘यी द्वो होंगहोंग द ह्वा’, म्हणजे एक लालसर फूल. क्रम आपल्या ‘एक लाल फूल’सारखाच, त्यामुळे मराठी मुलं इथे फार अडत नाहीत. अडतात ती दोन ठिकाणी.

पहिलं, ‘द’ गिळतात. दुसरं, वर्णन जोरदार करायच्या नादात ‘हन’ जोडतात. ‘हन’ म्हणजे खूप. ‘हन होंग’ चालतं, ‘हन होंगहोंग द’ चालत नाही. ‘श्वेबाय’ म्हणजे बर्फासारखं पांढरं, त्यालाही ‘हन’ नको. कारण मराठीतून पटकन कळतं: आपण ‘खूप पांढराशुभ्र’ म्हणतो का? ‘फार काळाकुट्ट’? ‘शुभ्र’ आणि ‘कुट्ट’ यांनी ते काम आधीच केलेलं असतं.

हिरवागार, लालबुंद, पिवळाधम्मक ही आपली ताकद इथे वापरा. चिनीत रंगापुढे एकच अक्षर दोनदा येतं: ‘ल्यू-योउ-योउ’. ‘ल्यू’ म्हणजे हिरवा, ‘योउ’ म्हणजे तेल. तेल लावल्यासारखं तुकतुकीत हिरवं. ते भातशेतीला शोभतं, हिरव्या टी-शर्टला नाही. लहान मुलाचे लाल गाल ‘होंग-फू-फू’, उगवता सूर्य ‘होंग-थोंग-थोंग’. आपणही चेहरा लालबुंद म्हणतो आणि साडी लालभडक, उलट केलं की कानाला खटकतं. म्हणून असे शब्द सुटे देऊ नका. शेताचं चित्र दाखवा आणि तेव्हाच ‘ल्यू-योउ-योउ’ म्हणा.

आणि प्रत्येक नामाला वर्णन हवंच असा हट्ट नको. माझ्या मुलीने एकदा सगळ्या रिकाम्या जागांत ‘सुंदर’ लिहिलं होतं. सुंदर घोडा, सुंदर खुर्ची, सुंदर लसूण. तिला विचारलं, “लसूण हातात घेतला तर कसा लागतो?” मग ‘लहान लहान’ आणि ‘पांढरा पांढरा’ निघाले.

शेजारच्या आजींना चूक ठरवणं

सफरचंदाला पुस्तकात ‘ग’. इथल्या चिनी आजी सहज ‘यी ली फिंगग्वो’ म्हणतात. ‘ली’ म्हणजे खरं तर दाणा, पण होक्किएन बोलीच्या वळणाने सिंगापुरात तो फळांना आणि चेंडूलाही लागतो. तैवानात सफरचंदाला ‘ख’ लावलेला सर्रास ऐकू येईल. मुलाने आजींचं रूप उचललं तर “वहीत ग, आजींकडे ली” इतकंच सांगा. पुण्यात एक आणि नागपुरात दुसरं, हे मराठी मुलाला समजावणं अवघड नाही.

या ‘ख’वरून एक शेवटचं, लिहिण्याचं. झाडाचा ‘ख’ आणि तारा, दात, मणी अशा लहान गोल वस्तूंचा ‘ख’ यांचा उच्चार आणि सूर अगदी एक, पण अक्षरं दोन. वहीत अदलाबदल झाली तर अक्षराची डावी बाजू पाहा: झाडाच्या ‘ख’मध्ये तिथे लाकडाची खूण असते.